कानाचं मशीन आणि एजंट स्मिथ

सिडनीत मार्टिन प्लेस नावाचा रस्ता आहे, रस्ता म्हणजे आता तिथे गाड्या नाहीतच, नुसती चालायची जागा, दोन्ही बाजूंना आपल्या फोर्टातल्यासारख्या जुन्या दगडी बँका आणि डब्यावर डोळा ठेवून फिरणारे सीगल. माझं पहिलं ऑफिस तिथून पाच मिनिटांवर होतं. दुपारी मी डबा घेऊन तिथल्या कारंज्यापाशी बसायचे, थंडी असली तरी, कारण ऑफिसच्या किचनमध्ये मेथीची भाजी गरम केली की कुणी काही बोलायचं नाही, पण कुणीतरी हळूच उठून दार लावून घ्यायचं. असं सात-आठ महिने चाललं आणि एक दिवस शेजारी बसलेला एक टुरिस्ट आपल्या पोराला सांगायला लागला की हेच ते मॅट्रिक्स पिक्चरमधलं कारंजं, लाल ड्रेसवाली बाई इथूनच चालत येते.

मी घास हातात धरून वर बघितलं. खरंच की. गुरू मॉर्फियस हिरो नीओला गर्दीतून चालवत नेत असतो, नीओ मान वळवून लाल ड्रेसकडे बघतो, मॉर्फियस त्याला परत बघायला लावतो आणि बाईच्या जागी व्हिलन एजंट स्मिथ, पिस्तूल सरळ आपल्या तोंडावर. हा सीन मी कराडला असताना किमान पंधरा वेळा बघितला असेल आणि दर वेळी मला ती अमेरिका वाटली होती. तसं वाटावं अशी सोयच केलेली, डायलॉगमध्ये शिकागोच्या रस्त्यांची नावं आणि शूटिंग १९९८ साली सिडनीत. म्हणजे इतके महिने मी एजंट स्मिथच्या पायाशी बसून पोळीभाजी खात होते.

तर हा लेख त्या स्मिथचं काम करणाऱ्या माणसावर आहे, ह्यूगो वीव्हिंगवर. फॅनगिरी म्हणा हवं तर. पण मला त्याच्याबद्दल जे सांगायचंय ते थोडं आडवळणाने येईल, कारण त्यात आमची आई पण आहे आणि अण्णा पण आहेत आणि एक बटाटा पण आहे.

कराडला आमच्याकडे केबल होतं आणि केबलवर इंग्लिश पिक्चर हिंदीत यायचे. दादा अण्णांचा जुना गॉगल लावून दिवसभर घरात स्मिथ होऊन फिरायचा. आमचा स्मिथ हिंदी बोलायचा. खर्जातला, दात-ओठ खाणारा, पक्का व्हिलनचा आवाज, आणि त्यात काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पुढे इंजिनिअरिंगला पुण्यात हॉस्टेलवर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर ओरिजिनल लागला आणि मी उडालेच. हा माणूस चिडलेला नाहीच! तो कंटाळलाय. एकेक अक्षर सोनाराच्या काट्यावर ठेवल्यासारखं वेगळं वेगळं तोलून ठेवतो, जिथे थांबायचं नाही तिथे थांबतो, आणि नीओचं मिस्टर अँडरसन हे नाव असं काही लांबवतो की त्यात धमकी नसते, फाइल असते. तहसील कचेरीत खिडकीपलीकडे बसलेला तो माणूस आठवा, जो आपल्याकडे न बघता म्हणतो तुमचा फॉर्म अपूर्ण आहे. तो आवाज. हिंदी डबिंगवाल्याने भीती घातली होती, ह्याने खिडकी बंद केली. दुसरं जास्त भयंकर आहे हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं पण पोटात कळलं होतं.

वीव्हिंगने हा आवाज १९५० च्या दशकातल्या अमेरिकन न्यूजरीडरांवरून घेतला असं म्हणतात. मला लगेच पटलं, कारण आमच्या आजोबांचा रेडिओ. सकाळच्या प्रादेशिक बातम्या, कोयनेला पूर आला तरी तोच आवाज, कांदा पडला तरी तोच आवाज, पंतप्रधान गेले तरी तोच. लहानपणी मला वाटायचं ह्या लोकांना घर नसतं, ते रेडिओतच राहतात.

आणि गंमत म्हणजे वीव्हिंगच्या आवाजाला खरोखरच घर नाही. त्याचा जन्म नायजेरियातल्या इबादानचा, ४ एप्रिल १९६०, म्हणजे नायजेरिया स्वतंत्र व्हायच्या सहा महिने आधीचा. आईवडील इंग्लिश. वडील भूकंपशास्त्राशी संबंधित काम करायचे आणि त्या कामापायी बिऱ्हाड पाठीवर, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, परत इंग्लंड, ब्रिस्टलला शाळा, आणि मग १९७६ मध्ये सोळाव्या वर्षी कायमचं सिडनी. बदलीवाल्यांची पोरं असतात ना आपल्याकडे, बँकेतल्या नाहीतर एसटीतल्या, दर तीन वर्षांनी नवीन शाळा, नवीन गावची बोली, आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी हसतंच. तशी पोरं दोन प्रकारची होतात. एकतर गप्प होतात, नाहीतर नकला करायला लागतात. तेराव्या वर्षी त्याला एपिलेप्सीचं निदान झालं, आणि त्यामुळे तो आजतागायत गाडी चालवत नाही. ऑस्ट्रेलियात गाडी न चालवणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना विचारा, मी पहिलं वर्षभर चालवत नव्हते तर दूध आणायला अर्धा तास चालायचे.

सिडनीला नायडा म्हणून नाट्यशाळा आहे, आपल्या एनएसडीसारखी, तिथून तो १९८१ ला बाहेर पडला आणि तीनच वर्षांत त्याला जो रोल मिळाला तो वाचून आमच्या अण्णांच्या कपाळाची शीर उडायला लागली. डग्लस जार्डिन. बॉडीलाइनवाला.

हे जरा नीट सांगते कारण तरुण पोरांना बॉडीलाइन म्हणजे काय ते माहीत नसतं. १९३२-३३, इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात, ब्रॅडमनला कसं थांबवायचं हा प्रश्न, आणि कॅप्टन जार्डिनने काढलेला उपाय म्हणजे फास्ट बोलर लारवुडने बॉल अंगावर टाकायचा आणि लेग साइडला फिल्डर पेरून ठेवायचे. ॲडलेडला वुडफुलच्या छातीवर बॉल बसला, ओल्डफिल्डची कवटी फ्रॅक्चर झाली, मैदानात दंगल व्हायची बाकी राहिली. सिरीज इंग्लंडने ४-१ ने जिंकली आणि ब्रॅडमनचा ॲव्हरेज ५६ वर आला, आपल्यासाठी ५६ म्हणजे पेढे वाटायचा ॲव्हरेज पण तो ब्रॅडमन होता. ह्या सगळ्यावर इथे १९८४ मध्ये टीव्हीवर मिनी-सिरीज आली, जॉर्ज मिलरच्या कंपनीची, मॅड मॅक्सवाला मिलर तोच. गॅरी स्वीट ब्रॅडमन आणि चोवीस वर्षांचा वीव्हिंग जार्डिन. अख्ख्या देशाने ज्याचा पन्नास वर्षं द्वेष केला तो माणूस ह्या नवख्याने उभा केला, आणि मला वाटतं स्मिथचं बी तिथेच पडलंय. जार्डिनसुद्धा ओरडत नाही. तो वरच्या ओठाला न हलवता बोलतो, समोरच्या माणसाची उंची मोजत असल्यासारखा.

अण्णांना मी यूट्यूबवर त्यातले तुकडे दाखवले, ते इथे आले होते तेव्हा. अण्णा म्हणाले, "हा जार्डिन मुंबईचा, माहितेय का तुला?" मला वाटलं थापा मारतायत. पण खरंय. जार्डिन १९०० साली मलबार हिलवर जन्मला, बाप मुंबईत बॅरिस्टर, पुढे ॲडव्होकेट जनरल. नऊ वर्षांचा असताना त्याला स्कॉटलंडला मावशीकडे पाठवून दिलं. आणि बॉडीलाइननंतर डिसेंबर १९३३ मध्ये हाच जार्डिन संघ घेऊन मुंबईला आला, भारतातली पहिलीवहिली टेस्ट, बॉम्बे जिमखान्यावर, समोर कॅप्टन सी. के. नायडू, आणि त्याच मॅचमध्ये लाला अमरनाथांची ती ११८ ची सेंच्युरी. हरलोच आपण, नऊ विकेटनी. पण अण्णा ते ११८ असे सांगतात जसे ते स्वतः नॉन-स्ट्राइकला उभे होते. त्यांचा जन्म १९५१ चा आहे.

ह्या सगळ्यात मला अडकून राहिली ती एक गोष्ट. मलबार हिलवर जन्मलेला, नऊ वर्षांचा असताना आगबोटीत बसवलेला एक इंग्रज, आणि त्याचं काम करणारा इबादानला जन्मलेला, देशोदेशी फिरलेला दुसरा इंग्रज-ऑस्ट्रेलियन. तो ताठपणा, ती कॉलर, तो कमावलेला उच्चार. जन्मगावात राहिलेल्या माणसाला असा उच्चार कमवावा लागत नाही हो.

मला हे दिसतं कारण मी पण कमावलाय. इथे आल्यावर पहिल्या वर्षी फोनवर लोक सॉरी? म्हणायचे. सॉरी, से दॅट अगेन? आणि माझी दुखरी जागा म्हणजे व. मराठीत व एकच आहे, इंग्लिशमध्ये दोन आहेत, एक दात ओठावर टेकवून आणि एक ओठांचा चंबू करून, आणि माझ्या तोंडून दोन्ही एकच यायचे. एकदा मीटिंगमध्ये मी व्हॅल्यू म्हटलं आणि एक साहेब हसून म्हणाला की वॅल्यू, आय लाइक दॅट. मनाला लागलं. विचार करा, वीव्हिंग हे नावच घ्या, पहिला व एक आणि दुसरा व दुसरा, माझ्या आवडत्या नटाचं नाव मला इंग्लिशमध्ये धड घेता येत नव्हतं!

मग मी प्रॅक्टिस कशावर केली, तर वीव्हिंगच्याच व्ही फॉर व्हेंडेटा ह्या पिक्चरवर. त्यात सुरुवातीलाच एक लांबलचक भाषण आहे, हिरो स्वतःची ओळख करून देतो आणि जवळजवळ प्रत्येक शब्द व्ही ने सुरू, चाळीस-पन्नास तरी असतील. अनुप्रासाचा कहर, आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहून घेतला असता असा. मी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून दात ओठावर टेकवून ते म्हणायचे, नवरा बाहेरून विचारायचा बरी आहेस ना.

आणि ते भाषण म्हणणाऱ्या वीव्हिंगचा चेहरा त्यात नाही. अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही नाही. इंग्लंडची पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्सचा मास्क, पांढरा, मिशी वर वळलेली, कायम हसणारा. मुळात हा रोल जेम्स प्युअरफॉय करत होता, काही आठवडे शूटिंग झाल्यावर तो बाहेर पडला आणि वीव्हिंगला बोलावलं. प्युअरफॉयचे काही शॉट तसेच ठेवले असं सांगतात, कारण मास्कच तर आहे, फक्त वर आवाज वीव्हिंगचा. आणि मास्कच्या आतून रेकॉर्ड झालेला आवाज इतका दबका यायचा की डायलॉग नंतर स्टुडिओत परत बोलून घ्यावे लागले. म्हणजे बघा, आपण जे बघतो ते कधी ह्याचं शरीर, कधी त्याचं, चेहरा प्लास्टिकचा, आवाज दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत केलेला. आणि तरीही तो मास्क रडतो. मी शपथेवर सांगते, तुरुंगामागचं खरं काय ते हिरोइन नताली पोर्टमनला कळतं त्या सीनमध्ये मास्क रडलेला मी बघितलाय. नुसतं मान किती अंशात कलंडली आणि आवाज कुठे तुटला एवढ्यावर.

इथे एक प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. नटाकडून चेहरा काढून घेतला तर आवाज उरतो, ठीक. पण मी कराडला केबलवर बघितला तो स्मिथ तर हिंदी होता, त्याचा आवाजही काढून घेतलेला होता. मग दादा दिवसभर गॉगल लावून नक्की कुणाची नक्कल करत होता?

वीव्हिंगचं करिअर बघितलं तर कुणीतरी मुद्दाम त्याची एकेक वस्तू काढून घेऊन परीक्षा बघितल्यासारखं वाटतं. १९९१ चा प्रूफ, मेलबर्नमधला छोटासा पिक्चर, जोसलिन मूरहाऊसचा. त्यात तो आंधळा आहे आणि फोटो काढतो. फोटो काढून लोकांना विचारतो ह्यात काय दिसतंय सांग, कारण लहानपणी त्याची आई खिडकीतून दिसणाऱ्या बागेचं वर्णन करायची आणि त्याला कायम संशय की ती खोटं बोलत होती. सोबत कोवळा रसेल क्रो. ज्याला डोळे वापरायचे नाहीत तो नट काय करतो, तर ऐकतो. ह्यात वीव्हिंग ज्या पद्धतीने ऐकतो ना, मान थोडी वळवून, तसं मी आमच्या आईला बघितलंय. ते पुढे सांगते. त्याला पहिलं मोठं बक्षीस, ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचं बेस्ट ॲक्टर, ह्याच पिक्चरला मिळालं.

मग १९९४ चा प्रिसिला. तीन ड्रॅग कलाकार सिडनीहून बस घेऊन ॲलिस स्प्रिंग्जला निघतात, वीव्हिंग, गाय पिअर्स आणि टेरेन्स स्टॅम्प. कपड्यांसाठी ऑस्कर मिळालं, ते कपडे बघून कळतंच. आता ड्रॅग शोमध्ये काय असतं, रेकॉर्ड वाजते आणि स्टेजवरचा ओठ हलवतो. पिक्चर उघडतो तो सिडनीतल्या अर्स्किनविलच्या एका पबमध्ये, वीव्हिंग विगमध्ये, ओठ हलतायत आणि गळा दुसऱ्याच बाईचा. डबिंग उलटं टांगलेलं! हा माणूस ज्याच्यावर पुढे कराडच्या केबलवर कुणी हिंदीवाला आवाज चढवणार आहे, तो इथे स्वतः दुसऱ्याच्या आवाजाला तोंड देतोय. आणि ओठ किती नीट हलवतोय, पण डोळ्यांत मी इथे काय करतोय असा भाव. मला हा त्याचा सगळ्यात आवडता रोल. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या एल्रॉन्डपेक्षा तर नक्कीच, एल्रॉन्ड म्हणजे लग्नात आलेले आणि सगळ्यावर नाराज असलेले मोठे काका, पगडी तेवढी नाही.

नुसत्या आवाजाची कामं पण त्याने बरीच केली. हॅपी फीटमधला म्हातारा पेंग्विन नोआ, द मॅजिक पुडिंगमधला बिल बार्नॅकल, ते घुबडांचं ॲनिमेशन आलं होतं २०१० ला त्यात तर दोन घुबडं. आणि ट्रान्सफॉर्मर्समधला व्हिलन रोबो मेगाट्रॉन, तीन पिक्चर. ह्या मेगाट्रॉनवरून एक भांडण झालं होतं ते मला फार आवडतं. वीव्हिंग एका मुलाखतीत २०१२ च्या सुमाराला साधारण असं म्हणाला की मी स्क्रिप्ट वाचली नव्हती, डायरेक्टरला प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, ओळी दिल्या त्या बोललो, त्यांचा अर्थ काय तेही ठाऊक नाही, मला त्या कामाशी देणंघेणं नव्हतं. ह्यावर डायरेक्टर मायकल बेने नाव न घेता जे लिहिलं त्याचा आशय असा की १ तास ४३ मिनिटांच्या व्हॉइसओव्हरला २ लाख डॉलर घेऊन वर कुरकुरणारे नट बघून वीट येतो. १ तास ४३ मिनिटं! म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून बसलं होतं.

आता मी वीव्हिंगची माणूस असले तरी इथे थोडी बेच्या बाजूने आहे. पैसे घेतले ना, मग कशाला. पण मेगाट्रॉन परत लावून ऐकला, डोळे मिटून, आणि खरं सांगायचं तर ऐकू येतं. आवाज भारी आहे, खर्ज आहे, मशीनने अजून जाड केलाय, पण आत कुणी नाही. रिकाम्या घरात फोन वाजल्यासारखा. त्याने मुलाखतीत जे कबूल केलं ते आवाजाने आधीच सांगून टाकलं होतं, आपण स्फोटांच्या नादात ऐकलं नाही इतकंच. पुढच्या पिक्चरांत तो नव्हता.

मी त्याला प्रत्यक्ष बघितलं ते २०१८ मध्ये. वॉल्श बेला जुने धक्के आहेत, गोदामं होती तिथे, आता नाटकं होतात. सिडनी थिएटर कंपनी. इथल्या लोकांना त्याची ओळख मुळात स्टेजवरचीच, केट ब्लँचेटबरोबर अंकल वान्या, रिचर्ड रॉक्सबर्गबरोबर वेटिंग फॉर गोदो, हॉलिवूडचं काम संपलं की माणूस परत ह्या गोदामात. मी गेले ते जर्मन नाटककार ब्रेख्तच्या आर्टुरो उई ह्या नाटकाला. ब्रेख्त म्हटलं की आपल्याला पुलंचा तीन पैशाचा तमाशा, पण हे नाटक वेगळं, १९४१ ला फिनलंडमध्ये परागंदा असताना लिहिलेलं, शिकागोतला एक भाजीबाजारातला गुंड हळूहळू शहर खातो आणि तो गुंड म्हणजे हिटलर. स्टेजवरच कॅमेरे फिरत होते आणि मागे प्रचंड पडदा, म्हणजे खाली वीव्हिंग माझ्या बोटाएवढा आणि वर त्याचा चेहरा दोन मजली. मला आधी राग आला, नाटकाला आलेय का सिनेमाला.

पण त्यात एक सीन आहे. उईला कळतं की आपल्याला चारचौघांत उभं राहता येत नाही, तेव्हा तो एका पडेल म्हाताऱ्या नटाची शिकवणी लावतो. चालायचं कसं, उभं राहताना हात कुठे ठेवायचे, बसायचं कसं, आणि शेवटी बोलायचं कसं. म्हातारा त्याला ज्युलियस सीझरमधलं मार्क अँटनीचं भाषण देतो. आणि वीव्हिंग, ज्याच्या गळ्यासाठी लोक लाखो डॉलर देतात, तो तिथे उभा राहून ते भाषण वाईट बोलतो. अडखळतो, चुकीच्या शब्दावर जोर देतो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पाठ केलेलं म्हणणाऱ्या पोरासारखा. लोक हसतायत. मी पण. मग एका ओळीवर जोर बरोबर बसतो. त्यालाच कळतं की बसला. पुढची ओळ अजून बरोबर. खांदे मागे जातात, श्वास कुठून घ्यायचा ते सापडतं, आणि हळूहळू हसणं बंद होत गेलं, कुणी सांगितलं नाही तरी, माझ्या शेजारची म्हातारी बाई हातातलं प्रोग्रॅमचं पुस्तक घट्ट धरून बसली होती. आमच्या डोळ्यांदेखत एक आवाज बनला होता. तोच, मिस्टर अँडरसनवाला, खिडकी बंद करणारा.

आणि मला बाथरूमचा आरसा आठवला. दात ओठावर.

ट्रेनमध्ये परत येताना मी ठरवलं होतं की ह्यावर लिहायचं, पण राहिलं. मग आई-अण्णा आले आणि राहिलेलंच बरं झालं असं वाटलं.

आईला कमी ऐकू येतं. मशीन आहे, दादाने चांगल्यातलं घेऊन दिलंय, पण ती ते घालत नाही, कानातल्याच्या डबीत ठेवते, घातलंच तर वरून पदर. कराडला आमच्या गल्लीत कुणाला माहीत नाही असं तिला वाटतं. गल्लीतले सगळे तिच्याशी ओरडून बोलतात. तिचं स्वतःचं बोलणं पण मोठं झालंय आणि जरा तिरसट, त्यामुळे माझ्या लेकाला आधी भीती वाटायची. तो इथलाच, आज्जी म्हणतो ते पण ऑस्ट्रेलियन हेल काढून, शेवट वर नेऊन, जसा काही प्रश्नच विचारतोय.

एका शनिवारी आम्ही सदर्न हायलँड्सला गेलो. अण्णांना बाउरलचं ब्रॅडमन म्युझियम बघायचं होतं, तीन तास बघितलं, बाहेर आल्यावर जार्डिनला दोन शिव्या घातल्या. आणि लेकाला रॉबर्टसनला जायचं होतं, तिथून अर्ध्या तासावर, कारण बेब पिक्चरचं शूटिंग तिथे झालेलं, तो बोलणाऱ्या डुकराच्या पिल्लाचा. हिरवेगार डोंगर, पाऊस, धुकं, आई म्हणाली हे तर पाटण. रॉबर्टसनला रस्त्याकडेला एक भलामोठा सिमेंटचा बटाटा आहे, तो भाग बटाट्याचा म्हणून. कशासारखा दिसतो ते अण्णांनी सांगितलं पण मी लिहीत नाही.

रात्री घरी लेकाने बेब लावला. १९९५ चा, निर्माता परत तोच जॉर्ज मिलर, बॉडीलाइनवाला, आणि मेंढ्या राखणारा मोठा कुत्रा रेक्स आहे त्याचा आवाज वीव्हिंगचा. रेक्स म्हणजे शेतावरचा पाटील. डुकराने मेंढ्या राखायच्या म्हणजे काय, त्याला पटतच नाही, गुरगुरतो, बायकोवर धावून जातो. आईने मशीन घातलं होतं, नातवाचा पिक्चर म्हणून, इंग्लिश तिला येत नाही पण बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ह्या कुत्र्याला ऐकाय येत नाय."

लेक म्हणाला नो आज्जी, ही इज जस्ट मीन.

"मीन फीन काय नाय. ऐकाय येत नसलं की माणूस असाच वसकतो. घाबरलेलं असतंय ते."

मी काहीच बोलले नाही कारण मला पुढचं माहीत होतं. पुढे रेक्सची बायको फ्लाय पिल्लाला सांगते की पुरात मेंढ्या वाचवताना रेक्स मरता मरता वाचला, आजारी पडला आणि त्याचं ऐकणं गेलं, आणि तो हे कुणाला कळू देत नाही. लेक बघतच राहिला. मग आज्जीला त्याच्या मराठीत समजावून सांगायला लागला, "आज्जी, त्याचं कान ना, पाण्यात गेलं."

"मग मगाधरनं काय सांगतीय मी."

भाषा कळत नाही, कान अर्धे, समोर कुत्रा, आणि तिला तो आवाजात सापडला. मेगाट्रॉनमध्ये मला जे रिकामं ऐकू आलं होतं ते इथे भरलेलं होतं. आवाजाचं पाणी कसं चढवतात मला माहीत नाही, पण १९९५ साली कुठल्यातरी बंद खोलीत उभं राहून त्या माणसाने एका बहिऱ्या कुत्र्याची भीती रागात अशी लपवली होती की कराडच्या बाईला ती मशीनमधून कळावी.

शेवटाकडे रेक्सला दुसऱ्या मेंढ्यांकडून एक परवलीचा शब्द विचारून आणायचा असतो, आणि आयुष्यभर ज्यांच्यावर भुंकला त्यांच्यासमोर तो अगदी नम्रपणे उभा राहतो आणि सांगतो की मला जरा कमी ऐकू येतं. लेकाने हे पण आज्जीला सांगितलं. आई काही बोलली नाही. मशीन शिट्टी वाजवायला लागलं तसं तिने बोटाने नीट बसवलं, पदर मागे सारून, आणि म्हणाली, "वाढीव आवाज जरा."

लेकाने वाढवला. इतका की आतून अण्णा ओरडले, "अरे कोण एवढं बोंबलतंय?"

"तुमचा जार्डिन," मी म्हटलं.

अण्णा चष्मा शोधत बाहेर आले. टीव्हीवर कुत्रा. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभ्यानेच बघितलं.

"हां," म्हणाले. "शोभतोय."